पुंगनेरीची सुगी

माझ्या माहेरी, सांगलीकडे, भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, आणि वांगी, गाजर, ओला हरभरा, बोरं अशी सगळ्या शिवाराची मिळून केलेली एक भाजी. चेन्नईत भोगी म्हणजे धूर. पहाटेच दारोदार जुन्या चटया, झिजलेले झाडू, मोडक्या टोपल्या पेटतात आणि सूर्य वर आला तरी मैलापूरचं गोपुर निम्मंच दिसतं. लग्न होऊन इथे आले त्या वर्षी मी घाबरून सासूबाईंना उठवलं होतं. "अम्मा, कुठेतरी आग लागलीय!" अम्मा तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांनी उशीवरून डोकंही न उचलता म्हटलं, "आग नव्हे गे, सण तो. नीज."

यंदाही धूर झाला. खोकत खोकत मी देवळाच्या तळ्यापाशी बाजाराला गेले. उसाच्या मोळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पानांसकट हळदीची रोपं ओल्या पोत्यावर मांडली होती. नव्या मडक्यांच्या हातगाडीत, मडकी फुटू नयेत म्हणून, भाताचा पेंढा अंथरलेला होता. मडकं हातात घेऊन वाजवून बघताना त्या पेंढ्याचा वास नाकात गेला आणि मी किंमत विचारायचीच विसरले. थोडा गोडसर, थोडा धुळीचा, उन्हात तापलेला वास. तो वास आला की मी मैलापुरात राहत नाही. मी पुंगनेरीत असते, पस्तिशीच्या आतली असते, आणि माझे गुडघे दुखत नसतात.

माझ्या कामाला मानववंशशास्त्र असं भारदस्त नाव आहे. शेजारपाजारच्या बायकांना ते कधी कळलं नाही. "म्हणजे डोक्याची मापं घेता का?" असं एकीनं विचारलं होतं. मी गावांतून हिंडत आले. शेतं, तळी, झाडं, पायवाटा आणि त्यांच्याभोवती माणसांच्या ज्या आठवणी साठतात त्या ऐकत आले. गाव बदलतं म्हणजे नेमकं काय बदलतं, हे मला बघायचं होतं. त्यावर पुढे मी पुष्कळ लिहिलं, पुष्कळ शिकवलं. पण त्या सगळ्याची मुळी एका सुगीत आहे.

पुंगनेरी चेंगलपट्टूच्या पलीकडे. तेव्हा दोन बस बदलून जावं लागे. गावाला लागून मोठं थोरलं तळं, त्याला तिकडे एरी म्हणतात. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतचा पाऊस त्यात साठायचा आणि जानेवारीत त्या पाण्यावरचं भात पिवळं व्हायचं. पिवळं म्हणजे एकदम नव्हे. आधी शेंड्याला, मग खाली उतरत. मधल्या काही दिवसांत शिवाराचा रंग नेमका कोणता हे सांगताच येत नसे. सकाळी त्यावर दव असायचं आणि बगळे असे उभे असायचे की कुणीतरी धुतलेले रुमाल वाळत टाकलेत.

या शिवाराच्या एका बाजूला वरची आळी. जमीनमालकांची कौलारू घरं, पुढे ओसऱ्या, दारात रांगोळ्या. दुसऱ्या बाजूला कॉलनी, म्हणजे दलितांची वस्ती. दोन्हींच्या मधे भात. कॉलनीतल्या बायका त्या भाताची लावणी करत, कापणी करत, झोडपणी करत, आणि संध्याकाळी त्याच्याच बांधावरून एकामागे एक घरी जात.

मला राहायला जागा मिळाली ती वरच्या आळीत, नागरत्नम्मांकडे. त्या विधवा होत्या, शेताचा कारभार स्वतः बघत, आवाज भलताच मोठा. माझी गावठी तमीळ ऐकून हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "टीचरम्मा, तू बोलतेस ते भाषण आहे की भांडण?" विद्यापीठाचं नाव ऐकून सगळं गाव मला टीचर म्हणायचं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिला मी मैलापुरात अम्मांपाशी ठेवून आठवड्यातले चार दिवस पुंगनेरीत काढत होते.

माझ्याबरोबर शिवारात हिंडायला कॉलनीतल्या मुनियम्मा येत. बऱ्याच वयाच्या, किडकिडीत, गालात कायम विडा. त्या मनात येईल तिथे थांबत आणि मनात येईल ते बोलत. एकदा तळ्याच्या मोरीपाशी, जिथून शेतात पाणी सुटतं तिथे, त्या थांबल्या. वरच्या आळीत त्या जागेला कमळमोरी म्हणत. कधीकाळी तिथे कमळं फुलत असत.

"इथे माझा नवरा पडला," मुनियम्मा म्हणाल्या.

"शेतात काम करताना?"

"नाही. मेल्यावर."

मला कळलं नाही. त्यांनी विडा थुंकून सावकाश सांगितलं. मसणवटीकडे जाणारा रस्ता वरच्या आळीतून जातो. त्या रस्त्यानं कॉलनीची तिरडी नेता येत नाही. कधीच नेलेली नाही. ती न्यायची बांधावरून. बांध एका माणसाच्या पायाएवढा रुंद, तिरडीला चौघे लागतात. उन्हाळ्यात शेतं कोरडी असली की शेतातून उतरून जाता येतं. त्यांचा नवरा पिकाच्या दिवसांत गेला. मोरीपाशी एकाचा पाय सरकला आणि तिरडी पाण्यात गेली. "भात वाकलं तेवढं उभं करून द्यावं लागलं आम्हाला," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. कॉलनीत त्या जागेला कुणी कमळमोरी म्हणत नसे. "म्हातारा पडला तिथे" एवढंच म्हणत.

एकाच जागेची दोन नावं. त्या दिवशी मला फार मोठं काही सापडल्यासारखं वाटलं. किती तरुण होते मी! मुनियम्मांना विचारलंही होतं, तुम्हाला राग येत नाही? त्या म्हणाल्या, "मेल्यावर काय, कुठूनही न्या. मला थोडंच कळणार आहे?"

त्यांच्या घरी मी पुष्कळदा जेवले. पेज, सुकट, कधी रताळं. हे वरच्या आळीत सगळ्यांना माहीत होतं आणि तोवर सगळ्यांनी ते माहीत नसल्यासारखं ठेवलं होतं.

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी मुनियम्मा गेल्या. झोपेतच. भात ऐन कापणीला आलेलं, लोंब्या जड होऊन बांधावर आडव्या पडलेल्या, आणि आकाशात अवेळी ढग. दुसऱ्या दिवसापासून नागरत्नम्मांच्या शेतात कापणी धरायची ठरलेली होती. मी कॉलनीत पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. पिवळ्या शेवंतीच्या माळा, अगरबत्ती, आणि डफासारखी मोठी पराई घेतलेले चार वादक. पुरुषमंडळी हलक्या आवाजात बांधाबद्दल बोलत होती. कुणी म्हणालं, मोरीपाशी दोघे पाण्यात उतरू. कुणी म्हणालं, तिथे चिखल फार आहे.

मुनियम्मांची सून अंजलै घरातून बाहेर आली. माझ्याच वयाची, बुटकी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. ती म्हणाली, "बांधावरून नाही. रस्त्यानं."

तिचा दीर म्हणाला, "वहिनी, आज नको हे. आईलाही चाललं असतं बांधावरून. ती स्वतः म्हणायची."

"त्यांना चाललं असतं," अंजलै म्हणाली. "मला चालणार नाही."

आमच्या विषयात एक शिकवण असते: बघायचं, मधे पडायचं नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. तिरडी उचलली गेली. त्या भागात बायका प्रेताबरोबर वेशीपर्यंतच जातात. त्या दिवशी कॉलनीतल्या सगळ्या बायका पुढे झाल्या. माझ्यापाशी आल्यावर अंजलै क्षणभर थांबली. "टीचर, लिहायचं असेल तर घरी जाऊन लिहा. चालायचं असेल तर चाला. अशा मधेच उभ्या राहू नका."

मी चालू लागले. फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मुनियम्मा गेल्या होत्या, मला त्यांच्या मागून जायचं होतं, एवढंच.

वरच्या आळीच्या तोंडाशी पुरुष आडवे उभे होते. रोज मला ऊन-पावसाबद्दल विचारणारी, ताक पाजणारी माणसं. त्यातला एक म्हणाला, "परत फिरा. रीत आहे ती आहे." पराई वाजायची थांबली. ओसऱ्यांवर बायका खांबांच्या आड उभ्या होत्या. नागरत्नम्मा आपल्या दारातून मला ओरडल्या, "टीचरम्मा, तू आत ये! हे तुझं नव्हे!"

अंजलैनं हात वर केला, आणि तिरडी रस्त्याच्या मधोमध खाली ठेवली गेली. अंजलै तिरडीच्या उशाशी बसली. मग दुसरी बसली, तिसरी बसली. मीही बसले. डांबर तापू लागलं होतं.

"आम्हाला घाई नाही," अंजलै अगदी साध्या आवाजात म्हणाली. "आई इथे, आम्ही इथे. उद्या कापणीला येणारे हात सगळे इथेच बसलेत. भातही उभं राहील मग."

सगळ्यांचे डोळे नकळत वर गेले. ढग तळ्याच्या बाजूनं जमत होते. पिकलेल्या भातावर पाऊस पडला तर काय होतं हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती.

किती वेळ गेला ठाऊक नाही. माझ्या पाठीला घामाची धार लागली होती. बाजूच्या बाईचा हात माझ्या हातात होता. आणि मग नागरत्नम्मा ओसरी उतरल्या. त्या अंजलैकडे आल्या नाहीत. आपल्या आळीतल्या पुरुषांकडे गेल्या आणि त्या भलत्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "माझं भात पडलं तर कोण भरून देणार? तू देणार? का तू? जाऊ द्या त्यांना. आजच्या दिवसापुरतं."

दया म्हणून नव्हे, न्याय म्हणून तर नव्हेच. भात वाचवायला. पण पुरुष बाजूला झाले. तिरडी उचलली गेली. पराईवाले अजून चाचरत होते, त्यांच्याकडे वळून अंजलै म्हणाली, "वाजवा. त्या काय चोरून चालल्यात?"

त्या अरुंद आळीतून, रांगोळ्यांच्या कडेकडेनं, मुनियम्मा गेल्या. पराईचा आवाज कौलांवर आपटून परत येत होता. आयुष्यात मी पुष्कळ सभा-संमेलनं, भाषणं, निदर्शनं पाहिली. इतका भक्कम आवाज पुन्हा ऐकला नाही.

मसणवटीतून आले तेव्हा माझं सामान ओसरीवर नीट रचून ठेवलेलं होतं. घडी केलेली सतरंजी, कंदील, माझ्या मुलीचा फोटोसुद्धा कापडात गुंडाळलेला. नागरत्नम्मा म्हणाल्या, "इथे ठेवून घेता येणार नाही आता. मला याच माणसांत राहायचंय." त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते. मी सामान उचललं.

संध्याकाळी मैलापूरला पोचले. अम्मा सोवळं-ओवळं कडक पाळणाऱ्या. माझा अवतार बघून त्यांनी मला मागच्या दारानंच यायला सांगितलं.

"कोण वारलें?"

मी सांगितलं. कोण, कुठल्या वस्तीतली, काय झालं, सगळं. लपवायचं त्राण नव्हतं.

"तुझी कोण ती?"

"कुणी नाही, अम्मा. मी तिच्या घरी जेवत होते."

आता बोलतील, मला वाटलं. पण त्या आत गेल्या आणि बंबातलं कढत पाणी घेऊन आल्या. "जेवलीस ना तिच्याकडें? मग गेलीस तें बरोबर. डोईवरून न्हा. लेंकरूं निजलें आहे, हळू बोल." आणि मी केस पुसत असताना, स्वयंपाकघरातून: "आतां परत कधीं जायचें?"

माझ्या मार्गदर्शकांना मात्र हे पटलं नाही. निम्मं गाव बंद झालं, आता अभ्यास कसला, गाव बदला, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचं चुकत नव्हतं. पण मी गाव बदललं नाही. पोंगल झाल्यावर पहिल्या बसनं गेले, शेवटच्या बसनं परत आले, आणि पुढचं वर्षभर तेच केलं. वरच्या आळीत कुणी बोलत नसे, म्हणून मी तळ्याच्या घाटावर बसायची, बसथांब्यावर उभी राहायची, कॉलनीतल्या देवळाच्या मांडवात टिपणं लिहायची. हळूहळू घाटावरच्या बायका कपडे आपटता आपटता हवापाण्याचं बोलू लागल्या. बंद झालेलं गाव एकदम उघडत नाही. पण बायकांना पाणी भरायला यावंच लागतं, आणि मी तिथे असायची.

आजच्या दिवसापुरतं, असं नागरत्नम्मा म्हणाल्या होत्या. पुढच्या मरणाला अंजलै पुन्हा रस्त्यावर उभी राहिली. पुन्हा भांडण. एकदा पोलीस आले, एकदा दगड आले; अंजलैच्या भुवईवर त्याचा वण अजून आहे. मग नुसती शिवीगाळ राहिली, मग नुसत्या नजरा, आणि एका सुगीला मी गेले तेव्हा तिरडी आळीतून गेली आणि ओसरीवरचा माणूस पेपर वाचत राहिला. त्यानं मान वर केली नाही. बदल, बदल म्हणून मी वर्गात जे शिकवत होते, ते हे होतं. पूर्ण बदल नव्हे. वरच्या आळीतला आणि कॉलनीतला पोरगा आज चेन्नईत गिंडीच्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीला असतात. सणाला गावी आले की दोघे वेगवेगळ्या टपरीवर चहा पितात. मी दोन्ही लिहिलं. एकच लिहिणं मला जमलं नाही.

यंदा मडकं घेऊन घरी आले तेवढ्यात अंजलैचा फोन. ती आता पंचायतीची सभासद आहे. "टीचर, वाट बंद झाली."

वरच्या आळीतल्या बऱ्याच जणांनी जमिनी विकल्या होत्या, हे मला माहीत होतं. तिथे प्लॉट पडले, कमान उभी राहिली, घरं झाली. आता त्या वसाहतीची भिंत मसणवटीच्या रस्त्याच्या मधोमध आली होती. तालुक्याचा अधिकारी पोंगलनंतर जागा बघायला येणार होता. "तुम्ही या," अंजलै म्हणाली. मी निवृत्त आहे, माझ्या शब्दाला आता काय वजन, असं मी म्हणणार होते; पण ती विचारत नव्हतीच.

माझी मुलगी चेन्नईतच, अण्णा नगरला असते. तमीळ आणि इंग्रजी तिच्या जिभेवर, मराठी फक्त माझ्याशी, तीही रागावली की. "आई, गुडघ्यांचं काय? डॉक्टरनं काय सांगितलंय? व्हिडिओ कॉल कर ना त्यांना!"

"व्हिडिओ कॉलवर चालता येत नाही," मी म्हटलं.

"पटण्यासारखं काहीतरी बोल."

"तूच ये सोडायला. मग पटेल."

कुरकुरत, वाटभर माझ्याशी अबोला धरून, ती गाडी घेऊन आली.

तळं अजून आहे, एका बाजूनं बुजत आलेलं. भात उरलंय ते कॉलनीलगतच्या थोड्या तुकड्यांत; पिवळ्या रंगाच्या मागे लगेच सिमेंटचा रंग सुरू होतो. भिंतीपाशी अधिकारी, अंजलै, कॉलनीतली माणसं जमली होती. आणि कडुलिंबाच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीत, नागरत्नम्मा. वाळून मूठभर झालेल्या. भिंतीनं वरच्या आळीचीही तळ्याकडची वाट अडवली होती, म्हणून त्या आल्या होत्या. पुन्हा स्वतःसाठीच.

अधिकाऱ्यानं मला विचारलं; मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. मग त्यानं खुर्चीकडे वळून, तिकडे आजीला मारतात तशी हाक मारून विचारलं, "पाटी, ही वाट पूर्वीपासूनची आहे का? कॉलनीची माणसं इथून जात होती?"

नागरत्नम्मांनी अंजलैकडे पाहिलं. दोघी एकमेकींशी कधी धड बोललेल्या मला आठवत नाहीत.

"जात होती," त्या म्हणाल्या. आवाज अजून तसाच मोठा होता. "माझ्या दारावरून जात होती. मी बघितलंय. वाट आहे ही."

अंजलैनं पदर नुसता पुन्हा खोचला. आभार मानले नाहीत. मानायचे कशाचे?

परतताना मुलीनं गाडी सुरू केली. मग म्हणाली, "ती नुसती बसली होती रस्त्यावर? तू पण? मी तेव्हा कुठे होते?"

"अम्मांच्या कुशीत. झोपली होतीस."

भिंतीला नंतर वाट पडली. मागितली होती त्याहून अरुंद, पण तिरडी जाते आणि बैलगाडीही. अंजलैला ती पुरेशी वाटत नाही. तिनं पुन्हा तालुक्याला खेटे सुरू केलेत.

मीही सुरू केलंय. कमानीच्या आत जी नवी घरं झालीत, त्यांतली माणसं कुठून आली, या मातीला ती काय म्हणतात, हे कुणी विचारलेलं नाही. काठी घेतली, गुडघ्याला पट्टा बांधला आणि मागच्या आठवड्यात पहिल्या घराची बेल वाजवली. दार किलकिलं झालं. एक तरुण मुलगी, कानात इयरफोन, हात पिठाचे. मी कोण ते सांगितलं. ती शहरातून नुकतीच राहायला आली होती. चांगली होती बोलायला.

"पण माझ्याकडून काय मिळणार तुम्हाला?" ती म्हणाली. "इथे आमच्या आधी काहीच नव्हतं. नुसती मोकळी जमीन."

"पुष्कळ होतं," मी म्हटलं. "बसून सांगावं लागेल."

तिनं कानातला इयरफोन काढला आणि मला आत यायला जागा केली.